उद्याची चिंता आणि दाराजवळची पिशवी



पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरी माळ्यावरची एक निळी पिशवी खाली उतरते. तिच्यातले बिस्किटांचे पुडे बदलायचे, टॉर्चचे सेल तपासायचे, औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचायच्या आणि मग ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवायची, हे काम माझ्याकडे असते. पूर, भूकंप, आग असे काही अकस्मात आले आणि पाच मिनिटांत घर सोडावे लागले, तर हाताशी असावी म्हणून ही पिशवी. गाडीच्या डिकीतही अशीच एक लहान पिशवी असते.

या पिशवीवरून दोन वेळा माझी कानउघाडणी झाली. पहिल्यांदा आमच्या प्रार्थनासभेत. एका बंधूंनी अगदी सरळपणे विचारले, “प्रभू येशूने उद्याची चिंता करू नका असे सांगितले असताना ही पिशवी म्हणजे अविश्वास नव्हे काय? आकाशातील पाखरे कुठे पिशव्या भरतात?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली.

दुसऱ्यांदा मंडईत. मंडईतून भाजी, तुळशीबागेतून झाकणाचे डबे आणि बोहरी आळीतून दोरी, टॉर्च असे किरकोळ सामान, हा माझा शनिवारचा जुना रस्ता. ज्या मावशींकडून मी वर्षानुवर्षे कांदे-बटाटे घेतो त्यांनी माझ्या हातातली दोरी आणि डबे पाहून विचारले, “काका, ट्रिपला निघालात का?” मी त्यांना पिशवीची गोष्ट सांगितली. घरातल्या प्रत्येकाला तीन दिवस पुरेल इतके पाणी आणि कोरडे खाणे वेगळे काढून ठेवावे, असे तुम्हीही करा, असा सल्लाही दिला. मावशी बटाटे तोलता तोलता म्हणाल्या, “काका, आमच्यात तेल रोजचं रोज येतं. तीन दिवसांचं बाजूला काढायचं म्हणजे आज पोरांच्या ताटात काय घालू?” त्या चिडल्या नव्हत्या. उलट जाताना कोथिंबिरीची एक काडी जास्तच टाकली. मी मात्र पायऱ्या उतरताना खजील झालो होतो.

हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे आहेत. एक विश्वासाचा आहे, दुसरा पैशाचा. पण मला वाटते, पहिल्याचे उत्तर सोपे आहे आणि दुसऱ्याचे अवघड.

पहिला प्रश्न घेऊ. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात प्रभू ज्या गोष्टीपासून आपल्याला सोडवू पाहतो ती चिंता आहे, तयारी नव्हे. पाखरे पेरीत नाहीत हे खरे, पण कावळासुद्धा पावसाच्या आधी काटक्या गोळा करून घरटे बांधतो. भर पावसात बांधायला बसत नाही. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात ठेवायला लावतो, आणि पवित्र शास्त्र त्याला अविश्वासू म्हणत नाही, देवाचा आत्मा ज्याच्या ठायी आहे असा मनुष्य म्हणते. संत ऑगस्टीन यांनी तर आणखी साधी गोष्ट दाखवून दिली आहे. खुद्द प्रभूजवळ आणि शिष्यांजवळ पैशाची थैली होती. ती वाहणारा माणूस पुढे कसा निघाला हे आपण जाणतो, पण म्हणून थैली बाळगणे पाप ठरले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचा विचार करताना दूरदृष्टीला त्याचा मुख्य भाग मानले आहे. त्याचबरोबर ते सांगतात की प्रत्येक काळाची आपली आपली काळजी असते. कापणीची काळजी कापणीच्या दिवसांत, द्राक्षांची काळजी द्राक्षांच्या दिवसांत. पुढच्या हंगामाची काळजी आजच ओढून आणणे म्हणजे व्यर्थ ओझे. मला हा विचार फार उपयोगी वाटतो, कारण तो पिशवीलाही लागू पडतो. मे महिन्यात एकदा बसून पिशवी भरली की जूनपासून तिचा विचार डोक्यातून काढून टाकता येतो. पिशवी न भरणारा माणूसच ढग गडगडले की रात्रभर खिडकीशी उभा राहतो.

निर्गमच्या १६ व्या अध्यायात तर दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. दुसऱ्या दिवसासाठी उरवून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करा ही आज्ञाही त्याच देवाने दिली, आणि तो साठा नासला नाही. साठवणे चूक किंवा बरोबर हे साठ्यावर ठरत नाही. ते कशासाठी आणि कधी, यावर ठरते.

पुणेकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ चा दिवस ज्यांच्या घरी कुणी पाहिला आहे त्यांच्याकडे या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ असते. पानशेतचे धरण तेव्हा पुरते बांधून झालेले नव्हते. गळती लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी बांध फुटला. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि ते जुने, एकोणिसाव्या शतकातले धरणही टिकले नाही. मग मुठेचे पाणी लकडी पुलावरून वाहू लागले आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत घुसले.

आमची आई तेव्हा नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत होती. ती सांगायची की सकाळपासून बातम्या उडत होत्या, पण कुणी म्हणे खरे, कुणी म्हणे अफवा. काहीजण तर नदीला आलेले पाणी बघायला गेले होते. ओरडा झाला तेव्हा आईने हाताला आले ते उचलले. काय उचलले? परातीतले भिजवलेले पीठ आणि भिंतीवरची पवित्र मरियेची तसबीर. रेशनकार्ड ट्रंकेत राहिले. त्या काळी रेशनकार्डाशिवाय साखर नाही, रॉकेल नाही, आणि आपण पूरग्रस्त आहोत हे सिद्ध करायलाही कागद नाही. पुढे कित्येक दिवस तिने रांगांतून काढले. तसबिरीबद्दल तिला कधी खंत वाटली नाही. पिठाबद्दल मात्र ती शेवटपर्यंत स्वतःवरच हसायची. भीतीच्या क्षणी माणसाची बुद्धी किती चालते हे त्या परातीवरून कळते. म्हणूनच ते ठरवण्याचे काम शांत दिवशी करून ठेवायचे.

आणखी एक गोष्ट त्या पुराने शिकवली. ज्या शहराने इतके पाणी पाहिले त्याच शहराला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हते, कारण नळाचे पाणी खडकवासल्यातून यायचे आणि खडकवासलाच रिकामा झाला होता. लोक वाड्यांतल्या जुन्या आडांकडे आणि पेशवेकालीन हौदांकडे वळले. आज ते आड बहुतेक बुजले आहेत. तेव्हा पिशवीत किंवा पिशवीशेजारी सर्वांत आधी काय, असे कुणी विचारले तर मी पाणी म्हणतो. माणशी दिवसाला तीन-चार लिटर, आणि जमल्यास क्लोरीनच्या गोळ्यांची एक बाटली.

बाकीचे थोडक्यात सांगतो, कारण यादी करणे कठीण नाही. टॉर्च आणि वेगळे ठेवलेले सेल (मेणबत्ती नको, भूकंपानंतर गॅस गळत असला तर तीच घात करते). रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा व डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, घराचे कागद यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण वीज नसली की एटीएम नाही आणि मोबाईलवरून पैसेही देता येत नाहीत. जुना चष्मा. मुलीबाळींना लागणारे सामान. शिट्टी: ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला ताकद लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून दमून झोपलेली माणसे होती ती. तेव्हापासून मी चपला आणि टॉर्च पलंगाखालीच ठेवतो. घरचे हसतात. हसू देत.

गाडीचे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे अज्ञान जिवावर बेतते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही माणसे गाडीतच, वर केलेल्या काचांआड गुदमरून गेली. पाणी वाढले की विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलुपे बंद पडतात, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. म्हणून पाणी चाकांच्या वर येताना दिसले की आधी काच खाली करायची, पट्टा सोडायचा, आणि गाडीचा मोह न धरता बाहेर पडायचे. काच फोडायची टोकदार हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही. ती चालकाच्या हाताशी हवी. मी स्वतः तीन वर्षे ती डिकीत ठेवली होती! गाडीत याशिवाय पाणी, चादर, प्रथमोपचाराची पेटी, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण आणि फोनची चार्जिंगची वायर असली म्हणजे पुष्कळ झाले. वाहत्या पाण्यात गाडी घालायचीच नाही, हे त्या सगळ्याहून मोलाचे. फूट-दीड फूट पाणीही लहान गाडीला ढकलू शकते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो टाळूनच मी आतापर्यंत इतके लिहिले, हेही कबूल करतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेले पाणी आंबिल ओढ्यात मावले नाही. अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती या बाजूला ते घराघरांत शिरले, गाड्या काडेपेटीसारख्या वाहून एकमेकांवर चढल्या, आणि शहर व परिसरात वीसच्या आसपास माणसे गेली. पानशेतच्या पूरग्रस्तांसाठी ज्या भागात सोसायट्या उभ्या केल्या होत्या त्याच भागात पुन्हा पाणी यावे, हाही एक योगायोग. आम्ही तेव्हा ओढ्यापासून फार लांब राहत नव्हतो. तिसऱ्या मजल्यावर. वीज गेली. मी शांतपणे निळी पिशवी काढली, टॉर्च लावला, पाण्याच्या बाटल्या मोजल्या, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत ना ते पाहिले. सगळे जागच्या जागी होते. मग आम्ही गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना केली. खरे सांगायचे तर मला त्या रात्री स्वतःचे कौतुक वाटले.

आमच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहत. गुडघ्यांनी अधू. पाणी त्यांच्या पलंगाला लागले तेव्हा त्यांना पाठुंगळी घेऊन जिन्यावर आणणारा माणूस म्हणजे पार्किंगमध्ये इस्त्रीचे टेबल लावणारा पोरगा. त्याचे टेबल, इस्त्री, लोकांचे कपडे, सगळे वाहून गेले होते. आजींना पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात बसवून तो रात्रभर अंधारात त्यांच्याजवळ बसला. अंधारात, कारण टॉर्च माझ्याकडे होता. आजींच्या साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाण्यात गेल्या होत्या. मला हे सकाळी कळले, पिशवी खांद्याला लावून खाली उतरताना.

मी दार आतून लावून घेतले होते असे नाही. आजींची आठवण येऊनही मी गेलो नाही, असेही नाही. मला त्यांची आठवणच आली नाही. माझी तयारी पूर्ण होती, आणि त्या पूर्णतेने माझे दार कुठल्याही कडीपेक्षा घट्ट बंद केले होते. संत लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकऱ्याला देवाने मूर्ख म्हटले, ते कोठारे बांधली म्हणून नव्हे असे आता मला वाटते. तो सबंध दाखल्यात फक्त स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझ्या जिवा! योसेफाची कोठारेही तशीच मोठी होती, पण दुष्काळ पडताच त्याने ती उघडली. संत बेझिल यांनी चौथ्या शतकात आपल्या कॅपाडोशिया प्रांतात दुष्काळ असताना याच दाखल्याचा आधार घेऊन धनिकांची कोठारे उघडायला लावली, आणि भुकेल्यांना अन्नही वाटले. आपल्या कपाटात पडून राहिलेले वस्त्र हे उघड्याचे असते, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता.

येथे एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर गोंधळ होतो. मे महिन्यात, बाजार भरलेला असताना, मी दोन किलो पोहे जास्त घेतले तर कुणाचे काही जात नाही. उलट संकटाच्या दिवशी रांगेत माझी एक जागा कमी होते. पण २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाल्यावर जे झाले ते वेगळे होते. ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा होता त्यांनी दुकानांतून पोतीच उचलली, आणि दुसऱ्या दिवशी हातावर पोट असलेल्यांना रिकाम्या फळ्या आणि चढे भाव मिळाले. वस्तू त्याच, पोहे तेच. एका वेळी ती तयारी असते, दुसऱ्या वेळी ती साठेबाजी होते. आणि साठेबाजीत शेजाऱ्याच्या ताटातले काढून घेतलेले असते, मग पावती आपल्या नावाची असली तरी.

मंडईतल्या मावशींचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. मे महिन्यातही त्यांच्याकडे जास्तीचे दोन किलो पोहे घ्यायला पैसे नसतात. त्या ज्या मंडईत बसतात तिची इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली. ती बांधण्याचे घाटत होते तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा आधी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्याच इमारतीला त्यांचे नाव आहे. मावशींचाही प्रश्न तोच, आधी काय? आणि त्याला मी दिलेला सल्ला किती पोकळ होता! ज्यांना उद्याचे साठवता येत नाही त्यांच्यासाठी उद्याचे कोण साठवणार?

प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी एक छोटा प्रसंग आहे. आपण तो वाचतो आणि विसरतो. अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियात येऊन मोठा दुष्काळ पडणार असल्याचे सांगतो. आजच्या भाषेत, हवामान खात्याचा इशाराच. आणि तो दुष्काळ क्लौद्य बादशहाच्या काळात खरोखर पडला. इशारा ऐकून अंत्युखियाच्या ख्रिस्ती लोकांनी काय केले? त्यांनी आपापली घरे भरली की नाही हे संत लूक सांगत नाही. तो एवढेच सांगतो की प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहुदियातील बंधूंसाठी वर्गणी काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ती पाठवली. संकट यायच्या आधी. आपल्या धर्मग्रामात पूर येऊन गेल्यावर आपण कपडे आणि धान्य गोळा करतो, ते चांगलेच आहे. पण पूर यायच्या आधी, मे महिन्यात, पाच-पंचवीस पिशव्या भरून चर्चच्या कपाटात ठेवाव्यात, कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलेले आहे याची यादी प्रत्येक वाडीच्या समूहाने करावी, असे अजून आपल्याला सुचलेले नाही. मलाही २०१९ पर्यंत सुचले नव्हते.

एक शंका तरीही राहते आणि ती मी लपवत नाही. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात पाच शहाण्या कुमारिका आपले तेल वाटून देत नाहीत, आणि प्रभू त्यांना दोष देत नाही. तेल वाटले तर कुणालाच पुरणार नाही, असे त्या म्हणतात. धर्मगुरू सांगतात की येथले तेल म्हणजे ज्याचे त्याने मिळवायचे आंतरिक जीवन; ते उसने देता येत नाही. मला हे पटते. तरी रात्री कधी वाटते की पिशवीत तीन बाटल्या असतील आणि जिन्यात सहा माणसे असतील, तर मी काय करीन? माझ्या नातवाच्या वाटचे पाणी देईन का? विधवेने दोन दमड्या टाकल्या त्या स्वतःच्या होत्या, नातवाच्या नव्हत्या. याचे उत्तर मला माहीत नाही. मी एवढेच केले आहे की आता तीनऐवजी पाच बाटल्या ठेवतो, आणि दोन टॉर्च. दुसरा टॉर्च जिन्यातल्या मीटरच्या पेटीत असतो आणि ते सगळ्या मजल्यांना ठाऊक आहे. इस्त्रीवाल्या पोराने त्याला बांधायला दोरी दिली.

त्या पुरानंतर आजींनी आपल्या दाराची एक किल्ली आमच्याकडे ठेवली होती आणि त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठीही. दोन्ही निळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होत्या. दोन वर्षांपूर्वी आजी देवाघरी गेल्या. यंदा पिशवी आवरताना ती किल्ली हाताला लागली. त्यांच्या जागी खाली नवे भाडेकरू आले आहेत, नवरा-बायको आणि एक तान्हे मूल. जाता-येता नमस्कार होतो. त्यांचे नाव मी अजून विचारलेले नाही.